चौदा दिवसांचा शुगर सेन्सर, चालला बारा दिवस

कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या एका मशीनशॉपमध्ये मी इन्स्पेक्शनला आहे, सव्वीस वर्षं झाली. टर्नरनं जॉब उतरवला की तो माझ्या टेबलावर येतो. मी त्याच्या भोकात, म्हणजे बोअरमध्ये, व्यास मोजायचा बोअर गेज घालतो, काटा बघतो, आणि जॉब एकतर गाडीत जातो नाहीतर भंगारात. गेजवर विश्वास किती ठेवायचा आणि संशय किती घ्यायचा, एवढीच आमची विद्या. त्यामुळं खाली जे लिहिलंय ते शुगरच्या पेशंटनं कमी आणि गेजवाल्यानं जास्त लिहिलंय असं समजा.

शुगर मला नऊ वर्षांपासून. मेटफॉर्मिन दोन वेळा, सकाळी सोबत ग्लिमेपिराइड. बोटाला टोचून ग्लुकोमीटरवर बघायचं ते आठवड्यातनं एकदा, तेही उपाशीपोटी, आणि आदल्या रात्री जेवण बेतानं झालं असेल तरच. थोडक्यात, शंभर जॉबमधला एकच मोजायचा, तोही निवडून. असलं इन्स्पेक्शन मी शॉपमध्ये केलं असतं तर मालकानं पहिल्याच महिन्यात घरी बसवलं असतं. डॉक्टरांनी माझी वही बघितली, हसले, आणि दंडावर लावायचा सेन्सर लिहून दिला.

कंपनीचं नाव मी लिहिणार नाही. एका नगावरनं अख्ख्या कंपनीला शिव्या घालणं आमच्या धंद्यात बसत नाही, आणि कौतुकाचंही तेच. राजारामपुरीतल्या मेडिकलमध्ये पाच हजाराला थोडे कमी पडले. घरी आल्यावर आधी व्हर्नियर लावला: व्यास ३५ मिलिमीटर, जाडी ५. वजन हातात कळतसुद्धा नाही. सोबत शिक्क्यासारखा एक ठोकळा येतो, त्यानं तो दंडाच्या मागच्या बाजूला मारायचा.

मारायला पुतणी आली. ती शिवाजी विद्यापीठात रसायनशास्त्रात पीएचडी करते, आणि विषय नेमका हाच, असल्या सेन्सरांचा. “काका, हात डोक्यावर ठेवा, मी लावतो,” म्हणाली. (आमच्याकडं पोरी ‘मी लावतो’च म्हणतात, पुण्याच्या वाचकांनी चुकीची दुरुस्ती पाठवू नये.) खट् असा आवाज आला. बोटाला लॅन्सेट टोचतो त्याच्या निम्म्यानंही दुखलं नाही. सुई आत जाऊन लगेच परत येते आणि मागं पाच मिलिमीटर लांबीची एक बारीक पट्टी कातडीखाली सोडते. ही पट्टी रक्तात नसते. पेशींच्या मधल्या पाण्यात असते. हे लक्षात ठेवा, पुढं कामाला येईल.

त्या पट्टीवर ग्लुकोज ऑक्सिडेज नावाचं एन्झाइम बसवलेलं असतं. ते दुसऱ्या कशाला हात लावत नाही, फक्त ग्लुकोजचा रेणू धरतं आणि त्याच्याकडनं दोन इलेक्ट्रॉन काढून घेतं. ते इलेक्ट्रॉन तारेत आले की करंट. साखर जास्त तर करंट जास्त. म्हणजे हे यंत्र साखर मोजतच नाही, करंट मोजतं आणि त्याचा साखरेत हिशेब करून दाखवतं. मला हे ऐकून बरं वाटलं. डायल गेजसुद्धा बोअर मोजत नाही, प्लंजर किती सरकला ते मोजतो. एन्झाइम आणि इलेक्ट्रोड शेजारी बसवायची मूळ कल्पना लेलँड क्लार्क नावाच्या अमेरिकन माणसाची, १९६२ सालची. त्यानं आधी १९५६ मध्ये रक्तातला ऑक्सिजन मोजणारा इलेक्ट्रोड काढला होता. एन्झाइम साखर खाताना ऑक्सिजन वापरतं, मग ऑक्सिजन किती घटला त्यावरनं साखर कळेल, हे त्याचं डोकं. आता काही सेन्सरांत ऑक्सिजनची मध्यस्थीही काढून टाकलीय. ऑस्मियमच्या पॉलिमरनं एन्झाइमला जणू तारच जोडलेली असते. आपली बोटाची स्ट्रिपसुद्धा ह्याच घराण्यातली, फक्त ती एकदा वापरून टाकायची.

लावल्यावर एक तास थांबायचं. मग फोनवर आकडा, आणि आकड्यांची रेघ. माझा फोन कंपनीच्या यादीत नव्हता म्हणून पोराचा जुना फोन घ्यावा लागला. हे खोक्यावर ठळक लिहायला काय हरकत होती?

पहिला दिवस सोडून द्या. सेन्सर १६८ म्हणत होता, बोट १३१. दुपारी २०२, बोट १७०. मी वैतागलो, पुतणी म्हणाली थांबा, जखम बसू दे. दुसऱ्या दिवशी दुपारपासनं दोन्ही आकडे आठ-दहा टक्क्यांत आले आणि तिथंच राहिले. आता गंमत ऐका. बोटाच्या ग्लुकोमीटरला जे आंतरराष्ट्रीय मानक आहे त्यात शंभराच्या वर पंधरा टक्के इकडं-तिकडं चालतं. म्हणजे खरी शुगर २०० असेल तर मीटरनं १७० दाखवलं तरी पास, २३० दाखवलं तरी पास. आमच्याकडं पंचवीस मिलिमीटरच्या बोअरला एच-सात म्हणजे एकवीस मायक्रॉनची सूट, मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. पंधरा टक्के म्हणालो तर गिऱ्हाईक गेटातनं हाकलील. म्हणून दोन यंत्रांत कोण खरं हे ठरवताना बोटाच्या मीटरला मास्टर गेज समजू नका. तोही शॉपफ्लोअरवरचाच गेज आहे.

आणि ते पेशींमधलं पाणी. रक्तातली साखर तिथं पोचायला पाच-दहा मिनिटं लागतात. फाउंड्रीत काम केलेल्याला हे सांगायला नको. भट्टीचं तापमान मोजणारा थर्मोकपल नळीच्या आत असतो, भट्टी तापते आधी आणि आकडा चढतो मागनं. साखर स्थिर असेल तर फरक पडत नाही. जेवणानंतर वर धावत असेल तर बोट पुढं, सेन्सर मागं.

तिसऱ्या रात्री तीन वाजता फोन बोंबलला. आकडा ५८, खाली जाणारा बाण. घरची ताडकन उठली. ग्लिमेपिराइड चालू असलेल्याला रात्री शुगर उतरायची भीती खरीच असते, त्यामुळं तिला दोष नाही. माझे डोळे उघडायच्या आत साखरेचं पाणी तोंडाला लावलं. अर्धा तांब्या पोटात गेल्यावर मला बोट टोचायचं सुचलं. १०९! कपाळावर हात मारला. मी डाव्या कुशीवर झोपतो आणि सेन्सर डाव्या दंडावर. अंगाखाली दाबला गेला की तिथलं पाणी हटतं, साखर पोचत नाही, आणि पट्टी बिचारी जे आहे तेच सांगते. कूस बदलल्यावर वीस मिनिटांत आकडा आपोआप वर आला, आणि मग साखरेच्या पाण्यामुळं १९४ पर्यंत गेला. खोटी कमी शुगर बघून खरी जास्त करून घेतली. घरची म्हणाली, “ह्या डबड्यापरास आमचा कोंबडा बरा हुता, त्यो निदान पाचला तरी आरडायचा.”

आता खाण्याचं. खरी वसुली इथंच होते.

मी समजत होतो मिसळ माझा शत्रू. खासबागेच्या बाजूला एका ठिकाणी दर गुरुवारी खातो, कट वेगळा मागून. त्या दिवशी १३४ वरनं २१८. पुढच्या गुरुवारी तीच मिसळ, तोच कट, पण ब्रेडच्या तीन स्लाइसऐवजी अर्धी. १७१ वर थांबलं. कट निर्दोष सुटला, ब्रेड आत गेला. शुक्रवारी घरी पोहे. हे आमच्या घरात ‘पथ्याचे’ म्हणून चालतात, वर लिंबू-कोथिंबीर, बरोबर बिनसाखरेचा चहा. २३६. मी फोन घरचीला दाखवला. तिनं बघितला, काही बोलली नाही, आणि दुपारपर्यंतही काही बोलली नाही.

रविवारचं मटण. पांढरा रस्सा तीन वाट्या, तांबडा दोन, ज्वारीची एक भाकरी, भात नाही. दोन तास रेघ सपाट, रंकाळ्याच्या पाण्यासारखी. मी सगळ्यांना स्क्रीनशॉट पाठवले. रात्री साडेअकराला बघतो तर १९० आणि अजून चढतंय. चरबीमुळं सगळं पचन मागं सरकतं, हे डॉक्टरांनी नंतर सांगितलं. बोट टोचून मी हे जन्मात पकडलं नसतं, कारण जेवणानंतर दोन तासांनी बघायचं आणि झोपायचं अशीच रीत आहे.

सगळ्यात वर गेलो तो गुऱ्हाळावर. पन्हाळ्याच्या रस्त्याला पाहुण्यांचं गुऱ्हाळ आहे, जानेवारीत गेलं की रसाचा पेला आणि काहिलीतनं काढलेला गरम गूळ पानावर ठेवून देतात, नाही म्हणता येत नाही. मी नाही म्हणालोही नाही. चाळीस मिनिटांत २८७. उलट चांगली गोष्टही दिसली: रात्री जेवून रंकाळ्यावर चाळीस मिनिटं नुसतं चाललो तर २०४ वरनं १५१. घाम नाही, धाप नाही. नऊ वर्षं डॉक्टर चाला म्हणत होते, पण ती रेघ खाली येताना बघितल्यावर पाय आपोआप निघाले.

पाचव्या-सहाव्या दिवशी मात्र वेगळाच घोळ. मला सर्दी झाली होती म्हणून घरची संत्र्याच्या चवीच्या चघळायच्या गोळ्या देत होती, क जीवनसत्त्वाच्या, पाचशे मिलिग्रॅमची एक सकाळी, एक रात्री. रेघ दोन दिवस बोटापेक्षा वीस-बावीसनं वर. दर वेळी वर, खाली कधीच नाही. आमच्या भाषेत ही झीरो एरर, गेज खराब नव्हे. मग माहितीपत्रक काढलं, आणि तिथं बारीक अक्षरात होतं की दिवसाला पाचशेच्या वर क जीवनसत्त्व घेतलं तर आकडा खोटा वाढू शकतो. गोळ्या बंद केल्या, दुसऱ्या दिवशी फरक गेला.

हे का होतं ते पुतणीनं शनिवारी लॅबमध्ये दाखवलं. रिव्ह्यूशी ह्याचा थेट संबंध नाही, पण लिहिल्याशिवाय राहवत नाही.

तिच्या इलेक्ट्रोडचं टोक म्हणजे तीन मिलिमीटरची कार्बनची काळी टिकली, काचेसारखी चकाकणारी. वापरायच्या आधी ती कापडावर ॲल्युमिनाची पातळ पेस्ट घेते, पावडर ०.०५ मायक्रॉनची, आणि टिकली इंग्रजी आठाच्या आकारात फिरवत बसते. अहो, हे तर लॅपिंग! आम्ही गेज ब्लॉक असेच घासतो, आठ काढत, म्हणजे एका दिशेला ओरखडे पडत नाहीत. मी तिच्या हातातनं घेऊन दोन मिनिटं घासून दाखवलं. “काका, जास्त दाबू नका,” म्हणाली. सव्वीस वर्षांत मला हे कुणी सांगितलं नव्हतं.

मग तिनं बीकरमध्ये डोपामिन टाकलं. डोपामिन हा मेंदूतला निरोप्या. एक मज्जापेशी दुसरीला निरोप देते तो ह्याच्या हातून. ह्याला एन्झाइम लागत नाही, कार्बनवर व्होल्टेज चढवत नेलं की स्वतःच इलेक्ट्रॉन देतो. स्क्रीनवर छान टेकडी उठली. मग तिनं चिमूटभर क जीवनसत्त्व टाकलं, आणि टेकडी फुगून आडवी पसरली. डोपामिन कुठं संपतं आणि जीवनसत्त्व कुठं सुरू होतं काही कळेना. दोघं जवळपास एकाच व्होल्टेजला इलेक्ट्रॉन सोडतात. मेंदूत तर जीवनसत्त्व डोपामिनच्या कितीतरी पट जास्त. माझ्या दंडावर झालं ते ह्याच जातीचं: जीवनसत्त्वानं इलेक्ट्रॉन दिले, यंत्रानं ते साखरेच्या खात्यावर मांडले. शेवटी तिनं टिकलीवर नॅफिऑन नावाच्या पॉलिमरचा थेंब सुकवला. त्याच्यावर ऋण भार असतो. क जीवनसत्त्वही ऋण, म्हणून ते बाहेर ढकललं जातं. डोपामिन धन, ते आत येतं. टेकडी परत दिसायला लागली. आत जातं की नाही एवढंच ठरवणारा गो-नोगो गेज, पण विजेच्या भाराचा. मी टेबलावर हात मारला, शेजारचा पोरगा दचकला.

उंदराच्या मेंदूत असला इलेक्ट्रोड पहिल्यांदा घातला तो कॅन्सस विद्यापीठातल्या राल्फ ॲडम्सच्या मंडळींनी, १९७३ मध्ये. आता त्यासाठी सात मायक्रॉन जाडीचा कार्बनचा धागा वापरतात आणि सेकंदाला दहा वेळा व्होल्टेज वर-खाली करतात. सात मायक्रॉन म्हणजे आमच्या त्या बोअरच्या सुटीचा तिसरा हिस्सा.

हे सगळं डोक्यात असतानाच नवव्या दिवशी गिऱ्हाइकाचं ऑडिट आलं. दहा ते एक उभा होतो, पोटात पाण्याशिवाय काही नाही. एका गेजचं कॅलिब्रेशन सर्टिफिकेट सापडेना. रेघ १२८ वरनं १८७. न खाता! संध्याकाळी पुतणीला फोन लावला. ती म्हणाली, ताणात ॲड्रिनलिन आणि कॉर्टिसॉल सुटतात, ते लिव्हरला सांगतात साखर सोड म्हणून. म्हणजे सेन्सरवर दिसतं ती निरोप पोचल्याची पोच. निरोप्या दिसत नाही.

“मग निरोप्याच मोजायचं यंत्र काढा की. इन्सुलिनचं काढा. खरं दुखणं तर तिथंच आहे.”

तिनं फोनवरच हिशेब घातला. उपाशीपोटी रक्तात इन्सुलिनचा एक रेणू असेल तर ग्लुकोजचे साधारण नऊ कोटी. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्र सव्वाअकरा कोटींचा. म्हणजे जवळजवळ अख्ख्या राज्यातनं एक माणूस हुडकायचा, आणि तोही दर पाच मिनिटाला. शिवाय ग्लुकोजला जसं इलेक्ट्रॉन काढून देणारं एन्झाइम मिळालं तसं इन्सुलिनला नाही. त्याला अँटिबॉडीनं नाहीतर डीएनएच्या तुकड्यानं धरावं लागतं, आणि घट्ट धरलं तर सुटत नाही, सुटलं नाही तर पुढचं मोजता येत नाही. मी म्हणालो, गेज बोअरमध्ये अडकल्यासारखं. “अगदी तेच, काका.” ग्लुकोजचा सेन्सर आधी बाजारात आला तो ग्लुकोज महत्त्वाचं म्हणून, तसाच ते रक्तात ढिगानं असतं म्हणूनही.

बाराव्या दिवशी सकाळी फोनवर ‘सेन्सर बदला’. दोन दिवस बाकी. चिकटपट्टी शाबूत, अंघोळीनं काही झालं नव्हतं, शटरला दंड एकदा घासला होता तेवढंच. कस्टमर केअरला लावला तर आधी गाणं, मग हिंदी, मग “सर, एमआरआय केला होता का?” खोक्यावरचा नंबर मागितला. खोका घरचीनं बटणं ठेवायला घेतला होता म्हणून वाचला. तुम्ही टाकू नका. फोटो पाठवले, तीन वेळा तेच प्रश्न, पण तक्रारीनंतर नवव्या दिवशी कुरिअरनं नवा सेन्सर आला, फुकट. वागणूक बरी, चाल बैलगाडीची.

बारा दिवसांची सरासरी १७१. त्यावरनं ॲपनं तीन महिन्यांच्या शुगरचा (एचबीए१सी) अंदाज ७.४ दिला, लॅबनं पुढच्या आठवड्यात ७.७. बारा दिवसांची तुलना तीन महिन्यांशी म्हटल्यावर मी ह्याला पास म्हणतो. ७० ते १८० च्या मधे मी ६१ टक्के वेळ होतो, डॉक्टरांना ७० च्या वर हवाय. गोळ्या त्यांनी बदलल्या, मी नाही. आकडा बघून कुणी आपल्या हातानं गोळी कमी-जास्त करू नये, विशेषतः रात्री तीन वाजता.

पैसे वसूल का? कायम लावायला मला परवडणार नाही. इन्सुलिन घेणाऱ्यांचा हिशेब वेगळा, त्यांना अलार्मच जीव वाचवू शकतो. माझ्यासारख्या गोळ्यांवरच्या माणसानं वर्षातनं दोनदा लावावा, एकदा गुळाच्या हंगामात आणि एकदा पावसाळ्यात चालणं बंद असतं तेव्हा. आकड्यासाठी घेत असाल तर पाचातले तीन तारे, रेघेसाठी साडेचार. अर्धा तारा त्या साखरेच्या पाण्याचा कापला.

बदलीत आलेला सेन्सर कपाटात आहे. तो मीच लावणार होतो, पण परवा पोहे करता करता घरची म्हणाली, “त्यो माझ्या दंडाला लावा. मीबी खातोच की हे सगळं, बघू दे काय हुतंय.” तिच्या माहेरी तिघांना शुगर आहे आणि तिनं स्वतःची आजवर एकदाही तपासलेली नाही. शनिवारी पुतणी येणार आहे. उजव्या दंडावर लावायला सांगितलंय, कारण तीही डाव्या कुशीवरच झोपते.